देशपांडे काकूंच्या नावापुढची कोरी जागा

माझं काम काय, असं कोणी विचारलं की मी सांगते: सिनेमा चालू असताना मध्येच बोलणं. थिएटरात असं करणाऱ्याकडे लोक वळून वळून बघतात, मला त्याचं मानधन मिळतं. म्हणजे, कधी कधी मिळतं.

ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणतात याला. ज्यांना दिसत नाही अशा प्रेक्षकांना पडद्यावर काय घडतंय ते दोन संवादांच्या मधल्या फटीत सांगायचं. फट कधी चार सेकंदांची, कधी जेमतेम दीड. संवादावर बोलायचं नाही, हा पहिला नियम. आपलं मत घुसडायचं नाही, हा दुसरा. 'ती दुःखी होते' असं म्हणायचं नाही. 'ती ताट बाजूला सारते' एवढंच. दुःख ऐकणाऱ्याचं त्याला कळतं. पडद्यावरच्या प्रत्येक माणसाचं काय काय सांगायचं ते मी आधी टाइमकोड, म्हणजे नेमकं कितव्या मिनिट-सेकंदाला बोलायचं ते, टाकून लिहून काढते, आणि खेळाच्या दिवशी माइकवर वाचते.

ही गोष्ट 'द लंचबॉक्स'च्या खेळाची. पुण्यात पेठेतल्या एका संस्थेचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, साधारण चाळीस माणसं. बहुतेकांना जन्मापासून किंवा लहानपणापासून दिसत नाही. काहींबरोबर घरचं कोणीतरी डोळस माणूस. सिनेमा 2013 चा, रितेश बत्रांचा. डबेवाल्यांच्या हातून एक डबा चुकीच्या टेबलावर जातो आणि त्यातून चिठ्ठ्या सुरू होतात, ही कथा बहुतेकांना ठाऊक असते.

पावणेदोन तासांच्या या सिनेमाने माझा घाम काढला होता, आणि त्याला कारण इरफान खान. हा माणूस बोलतो कमी. डबा उघडतो, थबकतो, वास घेतो. गॅलरीत सिगारेट ओढत समोरच्या घरातलं कुटुंब जेवताना बघत राहतो. त्याच्या एकेका नजरेसाठी मी तीन तीन वाक्यं लिहून त्यातली अडीच खोडली होती. निम्रत कौरच्या इलाचंही, म्हणजे तो डबा करून पाठवणाऱ्या गृहिणीचंही, तसंच. नवऱ्याचा शर्ट धुवायला टाकण्याआधी ती काय करते, हे दोन सेकंदांत कसं सांगणार?

माझ्या कागदांत डावीकडे पात्राचं नाव आणि उजवीकडे वर्णन असतं. सगळ्या नावांपुढे खरडून भरलेलं. फक्त 'मिसेस देशपांडे' या नावापुढे कोरं. इलाच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या या काकू अख्ख्या सिनेमात एकदाही दिसत नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचा आवाज तेवढा येतो, आणि दोरीला बांधलेली टोपली खाली येते. भारती आचरेकरांनी ते काम केलंय. मला वाटलं, चला, या बाईंनी आपलं काम वाचवलं. एकच ओळ लिहिली, त्या पहिल्यांदा बोलतात तिथे टाकायला: 'वरच्या मजल्यावरून शेजारीण बोलते. ती दिसत नाही.'

खेळ सुरू झाला. इलाच्या स्वयंपाकघरात पोचेपर्यंत पहिला टोला बसला. मी माइकवर म्हटलं, 'इला फोडणी देते.' दुसऱ्या रांगेत मसाल्याच्या कारखान्यात पाकिटं भरणाऱ्या दोघी बसल्या होत्या. त्यांतली एक शेजारणीला म्हणाली, अगदी मला ऐकू येईल अशी, "येतंय की ऐकू, तडतड. ही बाई कशाला सांगतेय?" बरोबर होतं तिचं. त्यानंतर स्वयंपाकघरातल्या माझ्या निम्म्या ओळी मी तिथल्या तिथे गाळल्या.

मग वरून काकूंचा आवाज आला. इला खालून उत्तर देते, वरून सल्ला येतो, मसाला येतो. मला फट मिळाली आणि मी माझी ओळ वाचली. ती दिसत नाही.

"अहो बाई!"

चौथ्या रांगेतून. रेल्वेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून 32 वर्षं काढलेले एक काका. शर्टाच्या खिशात घडीची पांढरी काठी, बाजूला बायको. "दिसत नाही हे आम्हाला काय सांगता? आम्हाला इथं कोणीच दिसत नाही."

हॉल फुटला हसून. मीही हसले, आणि लॅपटॉपवर सिनेमा थांबवून सांगितलं, "काका, तसं नाही. त्या कोणालाच दिसत नाहीत. दिग्दर्शकाने त्यांना दाखवलेलंच नाही. फक्त आवाज."

"म्हणजे तुम्हालाही दिसत नाहीत?"

"नाही."

"बघा तरी," असं म्हणून ते खुर्चीत पुढे सरकले. "मग आता आपण सारखेच. लावा पुढे."

तेरा वर्षं हे काम करतेय, असं वाक्य मला कोणी ऐकवलं नव्हतं. इतर प्रत्येक पात्राच्या बाबतीत ही मंडळी माझ्यावर अवलंबून होती. मी सांगेन तेवढा इरफान त्यांच्या वाट्याला. काकू मात्र त्यांना पुरत्या मिळत होत्या, एक कणही कमी नाही. उलट माझ्याच वाट्याला कमी येत होत्या, कारण मी खिडकी बघत बसले होते.

पुन्हा पाच-सात मिनिटं गेली असतील. काकूंनी वरून पुन्हा काहीतरी सुनावलं, आणि ऑपरेटरकाका बायकोला म्हणाले, "वागळ्यांची राधिका आहे ही."

दोन प्रवेशांत ओळखलं. त्यांच्या घरी 1988 साली टीव्ही होता. 'वागळे की दुनिया' त्यांनी सगळी ऐकून 'पाहिली' होती. आमच्या पिढीला भारती आचरेकर म्हटलं की तीच आठवते, अंजन श्रीवास्तवांच्या वागळेंना सांभाळून घेणारी राधिका. आर. के. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस, कुंदन शाहांचं दिग्दर्शन. पुढे 2021 मध्ये मालिका नव्याने आली तेव्हा दोघं त्यातले आई-वडील झाले. विनोदी बाई म्हणून शिक्का बसला तो बसलाच. वास्तविक विजया मेहतांच्या 'हमीदाबाईची कोठी'मध्येही त्या होत्या. पण शिक्का रंगभूमीचा बसत नाही, टीव्हीचा बसतो.

(जाता जाता एक गंमत. 'लंचबॉक्स'मध्ये साजन फर्नांडिस, म्हणजे इरफान, आपल्या गेलेल्या बायकोच्या आवडत्या मालिकेच्या जुन्या टेप लावून बघत बसतो, ती 'ये जो है जिंदगी'. तिच्यामागेही कुंदन शाहच. काकांनी तीही ओळखली आणि मला एक टाइमकोड चुकला, कारण ते मोठ्याने म्हणाले.)

आता पंख्याचा भाग. काकूंचे यजमान पंधरा वर्षं कोमात आहेत. मध्ये कधीतरी ते जागे झाले आणि त्यांची नजर छताच्या पंख्यावर गेली, ती तिथेच राहिली. दिवसभर ते ओरिएंट पंख्याकडे बघत असतात. पंखा बंद करता येत नाही, म्हणून काकू तो चालू असतानाच पुसतात. हे सगळं आपल्याला कळतं ते स्वयंपाक करता करता, खिडकीतून झालेल्या गप्पांतून आणि इलाच्या चिठ्ठीतून. कुठेही पार्श्वसंगीत येऊन खांद्यावर हात ठेवत नाही.

चालू पंखा पुसण्याच्या गोष्टीला हॉलमध्ये हशा आला. मी दोन-तीनदा थिएटरात हा सिनेमा बघितलाय, तिथेही हशा येतो. आणि मला वाटतं, भारतीबाईंच्या या कामाकडे कोणाचं नीट लक्ष गेलं नाही ते याच हशामुळे. भारतीबाईंचा आवाज तिथे जरासुद्धा ओला होत नाही. शेजारणीला भाजीत काय कमी पडलंय हे सांगावं त्याच पट्टीत त्या सांगतात. दुसऱ्या एखाद्या नटीने वाक्याच्या शेवटी श्वास सोडला असता, एक आवंढा गिळला असता. माइकसमोर आवंढा फार सोपा असतो, हे मी अनुभवाने सांगते. मी स्वतः नको तिथे गिळलेत. या बाईंनी तो मोह टाळलाय. पंधरा वर्षं रोज तेच करणाऱ्या बाईला पंधराव्या वर्षी रडू येत नसतं, तिला पंख्यावरची धूळ दिसते.

हशा ओसरला. मागे कुठेतरी कोणी खोकलं. माझ्या कागदावर त्या जागी एक ओळ होती, 'इला वर खिडकीकडे बघते.' फट चांगली अडीच सेकंदांची. मी वाचली नाही. वर बघून इलाला तरी काय दिसणार होतं?

मी सहज ऑपरेटरकाकांच्या बायकोकडे बघितलं. हॉलमधल्या मोजक्या डोळस माणसांतल्या त्या एक. सगळे हसले तेव्हा त्या हसल्या नव्हत्या. पडद्याकडेही बघत नव्हत्या. डोळे मिटून ऐकत होत्या, नवऱ्यासारख्याच.

पुढे इलाचे वडील जातात तेव्हाचा प्रवेश येतो. लिलेट दुबे, इलाची आई. नवरा गेल्यानंतर ती म्हणते की भूक लागलीय, पराठे खावेसे वाटतायत. आणि इतक्या वर्षांचं ते औषध, न्याहारी, आंघोळ यांचा आलेला वीट बोलून दाखवते. त्या प्रवेशाचं सगळ्यांनी कौतुक केलं, योग्यच केलं. पण एकाच सिनेमात आजारी नवऱ्याची सेवा करणाऱ्या दोन बायका आहेत. एकीला शेवटी तोंड उघडायला मिळतं, कॅमेरा तिच्यासमोर थांबतो. दुसरी रोज तोंड उघडते आणि आपण तिला गमतीदार शेजारीण समजतो.

पुरस्कारांचं म्हणाल तर त्या वर्षी फिल्मफेअरमध्ये सहायक अभिनेता म्हणून नवाजुद्दीनला मिळाला, याच सिनेमासाठी. सहायक अभिनेत्रीचा 'राम-लीला'साठी सुप्रिया पाठकांना. म्हणजे 'खिचडी'तल्या हंसालाच. तेव्हा विनोदी नटीला गंभीर कामाचं श्रेय मिळतच नाही असं मी म्हणणार नाही. ते मिळायला चेहरा दिसावा लागतो, एवढंच.

सिनेमा संपला. शेवटी लोकलमधून डबेवाल्यांचा भजनाचा आवाज येतो, तो कोणी बोलायच्या आत संपू दिला लोकांनी. मग चहा.

चहाच्या वेळी मला वाटलं होतं इरफानबद्दल बोलतील. थोडं बोललेही. वेताच्या खुर्च्या विणणारे एक गृहस्थ म्हणाले, तो माणूस जेवताना बोटं चाटतो का, ते तुम्ही सांगितलं नाही. खरंच सांगितलं नव्हतं. वहीत टिपून घेतलं.

ऑपरेटरकाका कप हातात घेऊन माझ्यापर्यंत आले. म्हणाले, "एक सांगू? एक्स्चेंजवर बसलं की दोन शब्दांत कळायचं, बाईच्या मागे घर भरलेलं आहे की रिकामं. वागळ्यांची राधिका बोलायची ना, तेव्हा नवऱ्याला ऐकू जाईल अशी बोलायची. वाक्य खालच्या बाईशी असलं तरी अर्धं त्याच्यासाठी. ही तशी बोलत नाही. नवरा पाच पावलांवर आहे आणि बाई सगळंच्या सगळं बोलणं खिडकीतून बाहेर टाकून देते. घरात काही ठेवत नाही."

घरी जाऊन मी तेवढे प्रवेश पुन्हा ऐकले, स्क्रीन बंद करून. काका म्हणाले ते खरं आहे. आवाज नुसता मोठा नाही, तो खाली टाकलेला आहे, टोपलीसारखा. आणि प्रत्येक वेळी उत्तराची वाट बघायला तो एक क्षण खिडकीत थांबतो. हे ठरवून केलेलं आहे की त्यांना तसंच आलं, ते त्यांनाच माहीत.

पण हे नंतरचं. तिथे चहाच्या टेबलापाशी एका कॉलेजातल्या मुलीने मला विचारलं, "मॅडम, काकू दिसतात कशा?"

मी तोंड उघडलं. भारती आचरेकर कशा दिसतात ते मला सांगता आलं असतं. गोल चेहरा, हसरे डोळे वगैरे. काकांनी कप खाली ठेवला. "सांगू नका हां. तुम्ही बघितलेलं नाही त्यांना."

"मग केस पांढरे असणार," मुलगी म्हणाली.

"छे," मसाल्याच्या कारखान्यातली एक म्हणाली, "मेंदी लावत असणार. घरात माणूस निजून असला की बाई स्वतःकडे जास्त बघते, नाहीतर येणारेजाणारे नावं ठेवतात."

"गाऊन घालते की साडी नेसते?"

"गाऊनवर ओढणी."

"टोपली ओढताना बांगड्या वाजल्या का?" खुर्चीवाल्यांनी मला विचारलं. मला आठवेना. त्यांना आठवत होतं, पण ते सांगेनात.

मी वायरी गुंडाळत होते, प्रोजेक्टर थंड व्हायची वाट बघत होते. वाद पंख्यावर येऊन ठेपला होता. चालू पंखा पुसायला काकू कशावर चढल्या असतील? मुलगी म्हणत होती स्टुलावर. काका म्हणत होते, स्टूल डुगडुगतं, त्यांनी टेबल ओढलं असणार. काकांच्या बायको इतका वेळ काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी काकांची काठी उघडून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "टेबल नाही. पलंगावरच चढली असेल, त्यांच्या पायाशी. पंखा पलंगाच्या वरच असणार ना."

जिना उतरेपर्यंत त्यावर कोणी काही बोललं नाही. खाली रिक्षावाल्याशी भाड्यावरून सुरू झालेली हुज्जत मात्र मला वरपर्यंत ऐकू येत होती.