आठवडा नववा: जाताना विठोबा ओढतो, येताना कोण?

सायकलिंगच्या सरावाचे आकडे आधी सांगून टाकते, मग रडगाणं. मंगळवारी जुना कात्रज बोगदा दोनदा, गुरुवारी बोपदेव घाट, रविवारी हडपसर ते लोणंद आणि परत, दीडशे किलोमीटरच्या थोडं वर. शनिवारी नुसतं लोळणं. आठवड्याची बेरीज 230.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: डिसेंबरअखेर सायकलवर पुणे–पंढरपूर–पुणे, दोन दिवसांत, माउलींच्या पालखीच्या वाटेने. दिवे घाट, सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर. हिशोबाला 450 किलोमीटर धरलेत आणि नातेवाईक, शेजारी, ऑफिसातले मिळून किलोमीटरमागे शंभर रुपये देणार आहेत. त्यातून माझ्या माहेरच्या गावाजवळच्या शाळेतल्या, रोज चार-पाच किलोमीटर चालत येणाऱ्या मुलींना सायकली घ्यायच्या. एक साधी सायकल सहा हजारांना. म्हणजे सात सायकली आणि वर तीन हजार. आठवी अर्धीच.

आता रविवार. पहाटे पाचला हडपसर सोडलं. दिवे घाटाचा मी उगाच बाऊ केला होता. चढ लांब आहे, पण अंगावर येत नाही. खाली मस्तानी तलाव अंधारातून हळूहळू दिसायला लागतो आणि माथ्यावरची विठ्ठलाची उंच मूर्ती दिसली की आपण फार मोठं काही केलं असं वाटतं. तिथेच फसले. त्या जोरावर सासवड-जेजुरी असं काही हाणलं की सोबतचे काका मागून ओरडले, "ताई, अहो पंढरपूर पळून जात नाहीये!" काका एकसष्टचे. दोनशे किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, साडेतेरा तासांच्या आत कितीतरी वेळा केलेला माणूस. मी ऐकलं नाही. जेजुरीनंतर दौंडजची खिंड उतरताना तर ब्रेकला हातही लावावासा वाटेना.

लोणंदला पोहे, चहा, मंडळी खूश. मग परत फिरलो.

जी खिंड मघाशी उतरलो तीच आता चढायची, हे डोक्याला माहीत होतं, मांड्यांना कुणी कळवलं नव्हतं. नीरा सोडल्यावर ऊन चढलं, कॅडेन्स (मिनिटाला पायडलचे फेरे) पंच्याऐंशीवरून साठावर आला आणि वाल्ह्याच्या पुढे मी चक्क बाँक झाले, म्हणजे अंगातलं इंधनच संपलं. हात थरथर, डोळ्यांपुढे काजवे, आणि काका काहीही बोलले तरी राग. चूक साधी होती: जाताना दोन तास भूक नव्हती म्हणून काहीच खाल्लं नव्हतं. झाडाखाली बसून दोन राजगिऱ्याचे लाडू, केळं आणि मीठ-साखर-लिंबाची बाटली संपवली, तेव्हा कुठे माणसांत आले. आता घड्याळात दर 40 मिनिटांचा गजर लावलाय. वाजला की खायचं, भूक असो नसो.

घरी येऊन नकाशा नीट बघितला. पुणे साधारण 560 मीटरवर, पंढरपूर साडेचारशेच्या जवळपास, आणि मधे सासवड-जेजुरीचा उंचवटा दोघांपेक्षाही वर. म्हणजे जाताना तो उंचवटा ताज्या पायांना, सकाळच्या गारव्यात. येताना मात्र लोणंदपर्यंतच सव्वाशेच्या वर किलोमीटर झालेले असणार, आदल्या दिवसाचे सव्वादोनशे वेगळेच, आणि मग ती खिंड. इतके दिवस मी पंढरपूरला पोचायचा सराव करत होते.

सायकलचंही थोडं. करंगळी आणि अनामिका बधिर व्हायचं प्रकरण सुटलं. सीट बोचते म्हणून मी तिचं नाक खाली केलं होतं. त्याने अंग पुढे घसरायचं आणि सगळा भार तळहातांवर यायचा. सीट पुन्हा सपाट केली, एक सेंटिमीटर मागे घेतली. बोटं जागी झाली. बोचणं? आहे अजून. त्याला जाड गादी हा उपाय नाही, हे मात्र पैसे घालवून शिकले. कॅसेटही (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) बदलायची होती, चढ सोपा जावा म्हणून सगळ्यात मोठं चक्र 28 ऐवजी 34 दातांचं. दुकानदार म्हणाला, "ताई, तुमचा मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, आखूड केजचा आहे, एवढं ओढणार नाही." म्हणजे अजून खर्च. तूर्तास 28 वरच.

आणि एक, या वाटेवर जाणाऱ्या सगळ्यांसाठी: ऊस सुरू झालाय. पहाटेच्या अंधारात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि वाढे (उसाचे शेंडे) बाहेर लोंबणारे. एकाला जवळजवळ धडकलेच होते. पुढचा दिवा दुप्पट उजेडाचा घेतला. अंधारात फार पुढे जायचा बेत रद्द.

मामाला फोनवर हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "जाताना विठोबाच ओढून नेतो गं, त्याचे कसले पैसे? आठव्या सायकलीचे तीन हजार मी देतो, पण तू सायकलवर बसून परत आलीस तर. टेम्पोत घालून आणलीस तर एक रुपया नाही."

पुढच्या रविवारी उलटं करणार आहोत. काकांच्या गाडीवर सायकली टाकून फलटणला जायचं, आणि तिथून दुपारी बाराला, मुद्दाम उन्हात, पुण्याकडे निघायचं.