तुम्ही विचारलंत म्हणून: तो गंज कुणी काढला?

"चित्र छान आहे, पण तो गंज तुम्ही काढलाय की फोटो लावलाय?" मी संगणकावर चित्रं काढते आणि गंजासारखा पोत त्यात फोटोतून आणते, म्हणून प्रश्न बहुतेक वेळा याच शब्दांत येतो. 'लावलाय'वर किंचित जोर असतो, वहीवर स्टिकर लावल्यासारखा. आजवर मी "दोन्ही" म्हणून वेळ मारून नेली. उत्तर खरं आहे, पण त्याने विचारणाऱ्याचं समाधान झालेलं नाही आणि माझंही नाही. तेव्हा एकदा सविस्तर.

आधी भांडून घेते. 1912 साली पिकासोने वेताच्या खुर्चीचं स्थिरचित्र केलं, तेव्हा वेताची वीण त्याने रंगवली नाही. तशी वीण छापलेला ऑइलक्लॉथ आणून कॅनव्हासवर चिकटवला. म्हणजे छापील पोत चित्रात आणणं हे काही संगणकामुळे जडलेलं व्यसन नव्हे. हा दाखला मी इतक्या वेळा दिलाय की त्यातली पळवाट आता मलाच दिसते. त्याचा ऑइलक्लॉथ लपत नव्हता. माझा गंज मात्र फोटोतला आहे हे कळू नये म्हणून मी तासन्‌तास घालवते. तेव्हा पिकासोला सोडून देऊ.

'फोटो लावला' या दोन शब्दांत किती काम दडलंय ते बघा. पत्र्याचा फोटो ढगाळ उजेडात घ्यायचा, म्हणजे प्रत्येक पापुद्र्याला स्वतःची सावली पडत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर, पृष्ठभागाला अगदी समांतर. लेन्स 50 मिमी किंवा त्याहून लांब, कारण वाइड लेन्सने कडा वाकतात. छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ 8, संवेदनशीलता आयएसओ 100, रॉ म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल, आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, करड्या ग्रे कार्डवर एकदा ठरवून तिथेच ठेवायचा. शेवटी एक फ्रेम पत्र्यावर मोजपट्टी धरून, म्हणजे एका मिलिमीटरला किती पिक्सेल ते कळतं. ही पट्टीची फ्रेम जवळजवळ सगळे विसरतात आणि पुढे तीच नडते.

मग तो फोटो चित्रावर वेगळा थर (लेयर) म्हणून ठेवून नवशिके मल्टिप्लाय करतात, म्हणजे दोन्ही थरांच्या उजळीचा गुणाकार, आणि चित्र का काळवंडलं म्हणून विचारतात. गणित सोपं आहे. उजळी 0 (काळा) ते 255 (पांढरा) मोजतात; पोताची सरासरी 170 असेल, तर मल्टिप्लायने चित्रातला प्रत्येक आकडा सरासरी एक तृतीयांशाने खाली येणारच. मी फोटोतला रंग काढून टाकते, लेव्हल्सने (उजळी-गडदपणा बदलायच्या साधनाने) सरासरी 128 च्या आसपास आणते आणि सॉफ्ट लाइट किंवा ओव्हरले या थर मिसळण्याच्या मोडमध्ये 20 ते 40 टक्के अपारदर्शकतेवर ठेवते. या दोन्ही मोडमध्ये मधला करडा निष्क्रिय असतो, त्यामुळे चित्राची उजळी जागेवर राहते आणि फक्त खरखर उतरते. रंग न काढता ठेवलात तर गंजाचा नारिंगी निळ्या सावलीत मिसळून गढूळ होतो. आणखी एक. ओव्हरले शुद्ध काळ्यावर आणि शुद्ध पांढऱ्यावर चालतच नाही. सावल्या आधीच शून्यावर नेल्या असतील तर तिथे पोत बसत नाही आणि तेवढाच भाग प्लॅस्टिकचा दिसतो.

आता त्या दरवाज्याचं सांगते. हा प्रश्न पहिल्यांदा टोचला तो तिथेच.

चित्र 24 बाय 36 इंचांचं, 150 पीपीआय (इंचाला 150 पिक्सेल), म्हणजे 3600 बाय 5400 पिक्सेल. त्यात एक लोखंडी दरवाजा, 3000 बाय 5000 पिक्सेलचा. गंजाचा पोत 2048 चा चौकोनी तुकडा, ऑफसेट फिल्टरने 1024 सरकवून (म्हणजे कडा मध्यभागी येतात), मधला जोड क्लोन स्टॅम्पने, म्हणजे शेजारचा भाग त्यावर उमटवून, पुसून, टाइल करून, म्हणजे फरशीसारखा पुन्हा पुन्हा लावून, भरलेला. जोड खरंच दिसत नव्हता, आणि त्याचाच मला अभिमान होता. प्रिंट भिंतीवर लागली. एक गृहस्थ बराच वेळ समोर उभे राहिले. मग त्यांनी एका डागाकडे बोट दाखवलं, हात खाली नेला, पुन्हा थांबवला, पुन्हा खाली नेला. "हे बदक तीनदा आहे," ते म्हणाले. आवाजात कुचेष्टा नव्हती. मग तो नेहमीचा प्रश्न.

डाग खरंच बदकासारखा होता. चोच डावीकडे, पोटाखाली एक ओघळ. टाइलच्या हिशेबाने दरवाज्यावर तो सहा वेळा येत होता. उजवीकडचे तीन पुढच्या माणसाच्या आकृतीमागे गेले होते आणि डावीकडचे तीन एकाखाली एक, सरळ रेषेत.

इतके दिवस मला का दिसला नाही? माझा स्क्रीन 1920 बाय 1080 चा. शंभर टक्के झूमवर काम करताना उभ्यात 1080 पिक्सेलसुद्धा पुरते दिसत नाहीत, आणि दोन बदकांमध्ये अंतर 2048. म्हणजे दोन बदकं एका वेळी माझ्या डोळ्यांसमोर कधी आलीच नाहीत. पूर्ण चित्र स्क्रीनवर बसवलं की ते 18 टक्क्यांवर येतं. मग 120 पिक्सेलचा डाग 22 पिक्सेलचा होतो आणि खरखरीत विरतो. प्रिंटवर मात्र तोच डाग दोन सेंटिमीटरचा आणि दुसरा त्याच्या 35 सेंटिमीटर खाली. एका नजरेत मावणारं अंतर. जोड पुसला, पण आवर्तन राहिलं. त्या वेळी मला या दोन गोष्टी एकच वाटत होत्या.

त्या रात्री फाइल उघडून बसले तेव्हा आणखी दुखणी निघाली. मूळ फोटो 6000 बाय 4000 चा, दीड मीटर रुंद पत्र्याचा, म्हणजे मिलिमीटरला 4 पिक्सेल. चित्रातला दरवाजा दोन मीटर उंच धरला तर मिलिमीटरला अडीच. फोटो 62.5 टक्क्यांवर आणायला हवा होता. मी आहे तसाच वापरला. गंजाचा प्रत्येक पापुद्रा 1.6 पट मोठा झाला आणि दरवाजा खेळण्यातल्यासारखा छोटा दिसायला लागला. वर फोटो तिरप्या उन्हातला, ऊन डावीकडून. चित्रात उजेड उजवीकडून. बिजागऱ्यांच्या सावल्या एका दिशेला, पापुद्र्यांच्या दुसऱ्या. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण "चिकटवल्यासारखं" हा शब्द त्याच्या तोंडी येतो तो इथून. पोत आडवा उलटवला असता तरी भागलं असतं. (उलटवताना 180 अंशांत फिरवू नका. उजेड वरून येतो असं डोळा धरून चालतो, त्यामुळे खड्डे फुगवट्यासारखे दिसू लागतात.)

आणि सगळ्यात लाजिरवाणं म्हणजे टाइलची गरजच नव्हती. 62.5 टक्क्यांवर एक फोटो 3750 बाय 2500 चा होतो. 30 टक्के एकमेकांवर येतील असे तीन फोटो उभ्यात जोडले असते तर 3750 बाय 6000 मिळाले असते आणि अख्खा दरवाजा झाकून वर उरले असते. पण दोन फोटो जास्त काढायचा मी कंटाळा केला.

तेव्हापासून दाणा फोटोचा आणि डाग हाताचा, असा नियम केलाय. हाय पास फिल्टर (बारीक तपशील ठेवून बाकीचं काढणारा) 15 ते 20 पिक्सेल रेडियसवर चालवला की मोठे उजळ-गडद पट्टे जातात आणि बारीक दाणा उरतो. ठळक डागांची कड झालरीसारखी मागे राहते, म्हणून ते आधीच हीलिंग ब्रशने, म्हणजे डाग शेजारच्या पोताने भरणाऱ्या साधनाने, काढायचे. हा दाणा कितीही टाइल करा, कुणाला कळणार नाही, कारण त्यात ओळखण्यासारखं काही नसतं. डाग मात्र सांगतो की पाणी कोणत्या खिळ्यापासून उतरलं, कुठे अडलं. फोटोतल्या पत्र्याला खिळा जिथे होता तिथे माझ्या दरवाज्याला नाही.

मग परक्याचे फोटो? शक्यतो नाही. 'रॉयल्टी फ्री' म्हणजे मालकी सुटली असं नव्हे, अट वाचावीच लागते. अटीत व्यावसायिक वापराला मनाई असेल तर विकायच्या चित्रात तो पोत चालत नाही. ज्युडी ज्युरासेक यांनी पृष्ठभागांच्या फोटोंचा संग्रह 1996 मध्ये सीडीसह काढला होता. त्यातले फोटो परवान्याविना व्हिडिओ गेममध्ये वापरल्याचा दावा त्यांनी 2021 मध्ये कॅपकॉम या गेम कंपनीवर लावला, आणि 2022 मध्ये तो तडजोडीने मिटला. त्या दाव्यात तुटलेल्या काचेचा फोटोही होता; तोही कुणीतरी काढलेला असतो. भिंतीवरचं चित्र किंवा पोस्टर पोत म्हणून उचलतानाही हेच.

एके काळी मी छातीठोकपणे सांगायचे की पोताचा लेयर बंद करा, चित्र उभं राहिलं तर ते तुमचं. चांगली कसोटी आहे, अजूनही वापरते. फक्त माझी दोन-तीन चित्रं तिच्यात नापास होतात, हे तेव्हा सांगत नव्हते. लेयर बंद केला की त्यांत सपाट आकार आणि चार सावल्या उरतात. ती मी मागे घेतलेली नाहीत आणि घेणारही नाही. मग कसोटी खोटी की चित्रं? कामाची घाई होती असं म्हणून सुटता येईल, पण त्यातल्या एकाला अजिबात घाई नव्हती.

दरवाजा नंतर पुन्हा केला. उजेड जुळवला, मोजमाप जुळवलं, डाग सगळे हाताने काढले, एकही दुसऱ्यासारखा नाही. दोन्ही प्रिंट शेजारी ठेवल्या की जास्त गंजलेला मात्र जुनाच वाटतो, बदकांसकट. माझा संशय कडांवर आहे. माझे डाग एकाच ब्रशचे, सगळीकडून सारखेच मऊ. खऱ्या गंजाची कड एका बाजूला विरघळते आणि दुसऱ्या बाजूला पापुद्रा सुटल्यासारखी धारदार असते. सध्या दोन ब्रश आलटून पालटून वापरून बघतेय.