तुम्ही विचारलंत म्हणून : इंदुरात दूध-तुपाशिवाय बाहेर काय खायचं?

"तुम्ही दूध, दही, तूप काहीच घेत नाही, मग इंदुरात बाहेर गेलात की खाता तरी काय?" हा प्रश्न मला लग्नात विचारतात, ऑफिसात विचारतात. पुण्याहून येणारे पाहुणे तर स्टेशनवरून घरी पोचायच्या आतच विचारतात. हल्ली विचारणाऱ्यांत नुसतं कुतूहल असणारे कमी आणि खरी गरज असणारे जास्त. कुणाच्या नातवाला दूध सोसत नाही, कुणाची होणारी सून व्हीगन आहे, म्हणजे दूध-तुपासकट जनावरापासूनचं काहीच खात नाही, आणि पहिल्यांदाच सासरी येतेय. म्हणून एकदा सविस्तर सांगते.

मी दूध का सोडलं, ते थोडक्यात. गाय असो की म्हैस, व्यायल्याशिवाय दूध देत नाही, आणि ते दूध असतं तिच्या वासराचं. पाडी झाली तर गोठ्यात राहते. पाडा झाला की त्याचं काय करायचं हा दूधवाल्यापुढे प्रश्नच असतो, कारण शेतात आता ट्रॅक्टर आहे, बैल कुणाला हवाय? रस्त्यावर सोडलेले गोऱ्हे आपण सगळेच बघतो. मला ते बघवेना. ज्यांना पटत नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण माझ्या ताटापुरता माझा निर्णय झालेला आहे.

आता उत्तर. मिळतं, आणि पोटभर मिळतं. माळव्यातलं रस्त्यावरचं खाणं मुळात तेल, बेसन, बटाटा, मका आणि मसाल्यावर उभं आहे. तूप, दही, मलाई बऱ्याच पदार्थांत अगदी शेवटी येते, वरून, वाढणाऱ्याच्या प्रेमानं. त्यामुळे आपल्याला निराळं हॉटेल शोधावं लागत नाही, वाढणाऱ्याचा हात वर जायच्या आधी बोलावं लागतं. माझं सगळं बाहेरचं खाणं या एका गोष्टीवर चालतं.

सकाळच्या पोह्यांपासूनच बघा. आपल्या घरी पोहे कढईत परतून झाकण ठेवतात. इथल्या ठेल्यावर खाली उकळतं पाणी असतं आणि वर पोह्यांची मोठी परात, वाफेवर तासन्‌तास मऊ राहणारी. फोडणी तेलाची, तिच्यात बडीशेप, रंग हळदीचा. तुम्ही सांगितलंत की तो परातीच्या कडेनं पोहे ओढतो, कागदावर ढीग करतो, मूठभर शेव, बारीक कांदा, कोथिंबीर, वरून जिरावण भुरभुरतो आणि लिंबू पिळतो. जिरावण म्हणजे जिरं, धणे, बडीशेप, आमचूर, सुंठ, काळं मीठ, हिंग असल्या जिनसांची पूड. शेव बेसनाची आणि तेलात तळलेली. या सगळ्यात जनावराचं काही नाही. मराठी वस्तीच्या बाजूला उसळ-पोहे मिळतात, त्यावरची तर्रीही तेलाचीच. पोह्यांबरोबर जिलबी मात्र मी घेत नाही. तळण कुठे तुपाचं, कुठे वनस्पतीचं, आणि मैदा आंबवायला काही जण दही घालतात. चौकशी करून मिळाली तर ठीक, पण सकाळच्या गर्दीत ती चौकशी कुणी नीट ऐकून घेत नाही.

विचारायचं कसं, हेही पुष्कळ जण विचारतात. "व्हीगन आहे का?" म्हटलं की समोरचा म्हणतो, "हाँ जीजी, प्योर वेज है," आणि बिचारा खरंच बोलत असतो, कारण प्योर वेजमध्ये दूध-तूप बसतंच. म्हणून सरळ जिन्नस विचारायचे. "भिया, ये तेल में है कि घी में?" "इसमें दूध-दही तो नी डाला?" आणि सगळ्यात महत्त्वाचं, "ऊपर से घी-मक्खन मत डालना." हे तिसरं वाक्य ऑर्डर देताना एकदा आणि तो हातात ताटली घेईल तेव्हा पुन्हा म्हणायचं. गर्दीत पहिलं वाक्य विसरलं जातं, यात त्याचा दोष नाही, दिवसभर शेकडो लोक "घी ज्यादा" म्हणत असतात. जैन मिळेल का असं विचारूनही उपयोग नाही. जैन म्हणजे कांदा-लसूण आणि कंदमुळं नाहीत, दूध-तूप बहुतेक ठिकाणी चालतं.

सराफ्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण बाहेरून येणाऱ्याला जायचं असतं ते तिथेच. राजवाड्याच्या मागे दिवसा सोन्या-चांदीची दुकानं, ती बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे रात्री उशिरापर्यंत खाण्याचा बाजार. पहिली नजर जाते ती रबडी, मालपुवा, मावा-बाटी आणि हवेत उडवून दाखवतात त्या दहीवड्यावर, आणि व्हीगन माणसाला वाटतं आपण चुकीच्या गल्लीत आलो. थोडं पुढे चाला. हिवाळ्यात गेलात तर गराडू शोधा. हा एक जाडसर कंद, सालीवरून मातकट, आतून पांढरट. सोलून त्याचे तुकडे आधी एकदा तळून कढईच्या काठावर रचून ठेवलेले असतात. तुम्ही मागितलेत की तेवढेच पुन्हा कढत तेलात जातात. बाहेरून खरपूस कवच धरलं की टोपल्यात काढून त्यावर गराडूचा तिखट-आंबट मसाला आणि लिंबू, आणि टोपलं असं झटकतात की प्रत्येक तुकड्याला मसाला लागतो. कवच कुरकुरीत, आत भुसभुशीत. ते तेलातलं आहे एवढी खात्री करून घ्या, की झालं. माझ्या मते इंदुरात बाहेर खाण्यासारखं याहून चांगलं काही नाही, आणि हे मी दूध सोडायच्या आधीही म्हणत असे.

साबुदाण्याची खिचडीही इथे वेगळी. आपण घरी तुपावर जिरं तडतडवतो. सराफ्यात साबुदाणा वाफेवर मोकळा करतात आणि मागणी आली की त्यात मसाला, लिंबू, फराळी चिवडा असं कालवून देतात. तरी तूप विचारून घ्यावंच. भुट्टे का कीस मात्र दुरूनच बघायचा. कोवळी कणसं किसून तो कीस तुपाच्या फोडणीवर दूध घालून आटवतात, आणि एकाच मोठ्या कढईत सगळ्यांसाठी शिजत असल्यामुळे आपल्यापुरता बदल करून मिळत नाही. हा पदार्थ घरी करा. कणीस खरंच कोवळं असेल तर किसतानाच त्याचा पांढरा चीक सुटतो. तेलावर मोहरी, हिरवी मिरची, हिंग, मग कीस, आणि थोडं पाणी घालून झाकण. दुधाची आठवणही येत नाही, आमच्या घरी पावसाळ्यात दुसरं काही होत नाही.

छप्पन दुकान या खाऊगल्लीत दिवसा जाता येतं. तिथे खोपरा पॅटिस मागा: बाहेर बटाट्याचं आवरण, आत ओलं खोबरं, तेलात तळलेलं. चटणी चिंच-गुळाची बिनधास्त घ्या, हिरवी असेल तर तिच्यात दही आहे का विचारा. कचोरीत मोहन कशाचं हे विचारावं लागतं. आणि एक गोष्ट परगावच्या माणसांना मी हटकून सांगते: इंदुरी शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत नव्हे. ती दुधाची, घट्ट, सुकामेवा घातलेली असते. तहान लागली तर उसाचा रस किंवा शहाळं.

दाल-बाफल्याला मी नाहीच म्हणते. बाफला उकडून, भाजून मग तुपात बुडवतात, डाळीला तुपाची फोडणी, शेवटी तुपातला लाडू. त्यातून तूप काढायला सांगणं हा करणाऱ्यावर अन्याय आहे.

हॉटेलात बसून जेवायचं तर स्वयंपाकघर कसं चालतं हे ठाऊक असावं. बहुतेक हॉटेलांत सकाळीच दोन-तीन ग्रेव्ह्यांची पातेली तयार होतात: पांढरी म्हणजे काजू-मगज आणि मलाई किंवा दही, लाल म्हणजे टोमॅटो आणि बरेचदा लोणी. मेनूतली अर्धी पानं या पातेल्यांतूनच येतात, म्हणून "मलाई नको" म्हणून भागत नाही, ती आधीच आत असते. जे ऐन वेळी सुकं परतलं जातं ते मागायचं. जिरा आलू, भेंडी, आलू-गोबी, वांग्याचं भरीत, आणि "तेल का तडका" सांगून तुरीची डाळ. तंदुरी रोटी सहसा कणीक-पाण्याचीच असते, फक्त "सूखी" म्हणायला हवं. नानमध्ये दही किंवा दूध असतं. दाक्षिणात्य ठिकाणी डोसा तेलावर मागितला की प्रश्नच मिटतो.

मंगल कार्यालयातली पंगत सगळ्यात अवघड, कारण तिथे पैशाचा नाही, मायेचा व्यवहार असतो. वरण-भात वाढला की तुपाची लोटी घेऊन काका येणारच. "वहिनी, थेंबभर तरी घ्या, नुसता भात कसा खाल?" मी पानावर हात आडवा धरते आणि म्हणते, "काका, मला चालत नाही, पण अळूची भाजी अजून वाढा." काहीतरी मागून घेतलं की त्यांचं मन राहतं. अळूचं फदफदं, बटाट्याची भाजी, चिंच-गुळाचं पंचामृत (पूजेतलं दूध-दह्याचं नव्हे), चटण्या, तेलातल्या पुऱ्या यांवर माझं जेवण छान होतं. मसालेभातावरचं तूप आधी सांगितलं तर टळतं. घरचं कार्य असेल तर मी आचाऱ्यांशी आदल्या दिवशीच बोलून ठेवते, ते नेहमी ऐकतात.

पाकिटातल्या खाण्याला हिरवा ठिपका पुरेसा नाही, दुधाच्या पदार्थावरही तोच असतो. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2022 साली व्हीगन अन्नासाठी स्वतंत्र नियम आणले, त्यात हिरव्या 'व्ही'चं चिन्ह ठरवलं आहे. ते फारच थोड्या पाकिटांवर दिसतं, म्हणून घटकांची यादी वाचणं आलंच. शेव, मुगाची डाळ यांत सहसा काही नसतं, चवीच्या वेफर्समध्ये दुधाची पावडर असू शकते.

ज्यांच्या घरी प्रकृतीचा प्रश्न आहे त्यांनी एवढं लक्षात घ्या की वर लिहिलेलं सगळं माझ्यासारख्या, स्वतःहून सोडलेल्या माणसाचं आहे. त्याच झाऱ्यानं आधी पनीर तळलं असेल तर मी ते सोडून देते. दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या बाबतीत तसं करून चालणार नाही, त्याला तो झारा आणि ते तेलही घातक ठरू शकतं. अशा मुलाला गर्दीच्या ठेल्यावर काही देऊ नका, घरून डबा न्या आणि बाहेर फळं, शहाळं एवढंच द्या. ज्यांना दुधातली साखर पचत नाही त्यांची गोष्ट आणखी निराळी. तुपात ती जवळजवळ नसतेच, त्यामुळे तूप त्यांना बहुधा सोसतं. या तिघांना एकच उत्तर देता येत नाही, म्हणून कुणी विचारलं की मी आधी विचारते, "कुणासाठी हवंय?"

आणि होणाऱ्या सुनेला घेऊन सराफ्यात जाणार असाल, तर रात्री नऊच्या सुमाराला पोचा. तेव्हा गर्दी कमी असते, दुकानदाराला बोलायला फुरसत असते. तिन्ही वाक्यं तुम्हीच बोला, तिला बोलायला लावू नका.