मामा एक्झिक्युटर आहेत आणि काम पुढे सरकत नाही

आईनं मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडणारी व्यक्ती, म्हणून मामांचं नाव घातलं, ते आम्हा दोघा भावंडांना विचारूनच. तिचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता, माझाही आहे. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, हातात आलं तेव्हा वाटलं, आता सगळं मार्गी लागेल. पण तिथून पुढे काम थंडावलं. फोन केला की एकच उत्तर, "बघतो गं, सवडीनं." इकडे आईच्या बंद फ्लॅटचा मेंटेनन्स थकत चालला होता. धाकट्या भावानं एकदा मला विचारलंच, "मामांनी पैसे वापरले तर नाहीत ना?" मी हादरले. थकबाकी भरता येते, पण असा संशय एकदा मनात बसला की तो काढायचा कसा?

म्हणून मी भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ वाचायला घेतला. कलम ३३७ प्रमाणे, मृत्यूनंतर एक वर्ष होईपर्यंत मृत्युपत्रातला वाटा देण्याचं बंधन एक्झिक्युटरवर नसतं. मला हे रास्त वाटतं. आधी मृताची देणी फेडायची, कर भरायचा, मग वाटप. घाईनं वाटून टाकलं आणि मागाहून एखादं देणं निघालं, तर ते त्याच्याच गळ्यात पडू शकतं. हे समजावल्यावर भाऊ बराच शांत झाला. मात्र कलम ३१७ म्हणतं की प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब कोर्टात द्यायचा. मुदत वाढवून हवी असेल तर ती कोर्टाकडून घ्यायची. आमच्याकडे यादीलाच सुरुवात नव्हती.

भावाला वकिलाची नोटीस पाठवायची होती. कलम ३०१ खाली हायकोर्ट एक्झिक्युटरला दूर करू शकतं, हे खरं. पण त्यातही वेळ आणि पैसा जाणार आपलाच, आणि मामा कायमचे दुरावणार. मी त्यांच्याकडे गेले. "कधी होणार?" हा प्रश्न मुद्दामच टाळला. म्हटलं, "मामा, कुठला कागद अडलाय ते दाखवा ना."

अडले होते ते जुने शेअर्स. सर्टिफिकेटांवर आईचं माहेरचं नाव, मृत्युपत्रात सासरचं. दोन्ही नावं एकाच बाईची, याचा पुरावा मागितला होता. तो कुठून आणायचा हे मामांना सुचेना आणि आम्हाला विचारायचा त्यांना संकोच वाटत होता. त्या एका कागदापायी त्यांनी अख्खी फाईल मिटून ठेवली होती. बँकेचं, फ्लॅटचं, आईच्या शेवटच्या इन्कम टॅक्स रिटर्नचं काम शेअर्ससाठी थांबायचं काहीच कारण नव्हतं.

मग कामं वाटून घेतली. सही आणि निर्णय मामांचे, कागद जमवणं माझं. आईबाबांचा विवाह नोंदणीचा दाखला मी शोधून दिला. काय झालं, काय राहिलं, हे मामा दर पंधरवड्याला आम्हा दोघांनाही लिहून पाठवतात, चार ओळी का असेनात. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक त्यानंच पडला. भावाला आता विचारावं लागत नाही, आणि मामांनाही कुणी जाब विचारतंय असं वाटत नाही.

बँकेतली रक्कम इस्टेटच्या, म्हणजे आईच्या मागे राहिलेल्या मालमत्तेच्या, खात्यात आली, तिच्यातून आधी फ्लॅटची थकबाकी भरली. यादी तयार आहे. ती मुदतवाढीच्या अर्जासोबत वकिलांकडे दिली आहे. शेअर्सचं उत्तर अजून यायचंय.