स्क्रीनवरचा आकडा मोजलेला आहे की काढलेला?

परवा एका ज्युनिअरचा मेसेज आला, ताई केमिस्ट्रीसाठी कुठल्या साइट्स आणि सॉफ्टवेअर वापरू, लिस्ट पाठव ना. नुसती लिस्ट पाठवली की ती सेव्ह होते आणि तशीच पडून राहते, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. आणि मला खरं म्हणजे एकच गोष्ट सांगायचीये, स्क्रीनवर जो आकडा किंवा ग्राफ दिसतोय तो कुणीतरी लॅबमध्ये मोजलेला आहे की कॉम्प्युटरने हिशोब करून काढलेला आहे, हे प्रत्येक वेळी आधी बघायचं.

मी हे कसं शिकले ते सांगते. प्रोजेक्टच्या वेळी माझ्या प्रॉडक्टचा प्रोटॉन एनएमआर (रेणूतले हायड्रोजन पीकच्या रूपात दाखवणारा ग्राफ) आला, सॉल्व्हंट सीडीसीएल३ (ड्युटेरियमवालं क्लोरोफॉर्म), आणि २.१७ पीपीएमला (ग्राफच्या आडव्या पट्टीवरचं एकक) एक सरळ उभा सिंगलेट, म्हणजे न फुटलेलं एकच पीक. एनएमआरडीबी नावाची साइट आहे, तिथे स्ट्रक्चर काढलं की त्याचा एनएमआर कसा दिसेल याचा अंदाज मिळतो, ब्राउजरमध्येच, फुकट. त्या अंदाजात २.१७ ला काहीच नव्हतं. मग मी दोन दिवस साइड प्रॉडक्ट शोधत बसले, मेकॅनिझम चार वेळा लिहून काढली, तरी काही जुळेना. शेवटी एका सिनिअरने एक तक्ता समोर ठेवला, १९९७ साली जर्नल ऑफ ऑरगॅनिक केमिस्ट्रीमध्ये आलेला, नेहमीचे सॉल्व्हंट थोडेसे उरले तर एनएमआरमध्ये कुठे दिसतात त्याचा. सीडीसीएल३ मध्ये पाणी १.५६ आणि ॲसिटोन २.१७. ट्यूब ॲसिटोनने धुतली होती, पूर्ण सुकली नव्हती, बस एवढंच. साइटला फक्त मी काढलेला रेणू माहीत होता, ट्यूबमध्ये आणखी काय होतं ते तिला कसं कळणार. तो तक्ता शोधा आणि प्रिंट काढून लॅबबुकात चिकटवा, खरंच सांगते.

मोजलेले स्पेक्ट्रा (म्हणजे असे ग्राफ) हवे असतील तर एसडीबीएस, जपानच्या एआयएसटी या संस्थेचा डेटाबेस. आयआर (इन्फ्रारेड), एनएमआर, मास (रेणूच्या वजनाचा) सगळं आहे आणि सगळं खऱ्या सॅम्पलवर घेतलेलं. ॲस्पिरिनचं प्रॅक्टिकल असेल तर सॅलिसिलिक ॲसिड आणि ॲस्पिरिन दोघांचे आयआर शेजारी शेजारी उघडून बघा. सॅलिसिलिकमध्ये कार्बोनिलचं (कार्बन-ऑक्सिजन डबल बाँडचं) एकच मोठं पीक १६६० सेमी⁻¹ च्या आसपास, ते इतकं खाली कारण शेजारचा ओएच त्याला आतल्या आत हायड्रोजन बाँडने धरून ठेवतो. ॲस्पिरिनमध्ये तो ओएच एस्टर होऊन गेला, म्हणून आता दोन पीक, १७५० च्या आसपास एस्टरचं आणि १६९० च्या आसपास ॲसिडचं. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पाठ करावं लागत नाही.

अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेचं वेबबुकसुद्धा असंच भरवशाचं, थर्मोकेमिस्ट्रीच्या आकड्यांसाठी तर मी आधी तिथेच जाते. फक्त एक, तिथले बरेच आयआर गॅस फेजमधले असतात, आणि आपण लॅबमध्ये घेतो सॉलिडचा किंवा लिक्विडचा, तेव्हा पीक सरकलेले दिसले म्हणून प्रॉडक्ट चुकलं असं समजू नका, ग्राफवर फेज कुठली लिहिलीये ते वाचा.

पबकेम हा केमिकल्सच्या माहितीचा डेटाबेस सगळ्यांना माहीत असतो, २००४ पासून चालू आहे, अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेचा. पण बहुतेकजण वरचं चित्र बघतात आणि बंद करतात. खाली गुणधर्मांचे दोन वेगळे भाग असतात, एक कम्प्युटेड, एक एक्सपेरिमेंटल. रिपोर्टमध्ये लॉगपी (पदार्थ पाण्यापेक्षा तेलकट सॉल्व्हंटमध्ये किती जातो त्याचा आकडा) लिहिताना तो कुठल्या भागातून उचलला ते लिहा. एक्सपेरिमेंटलमध्ये एकाच पदार्थाचे दोन तीन मेल्टिंग पॉइंट पण दिसतात, प्रत्येकाखाली तो कुठून घेतला ते दिलेलं असतं, तिथपर्यंत जायचं.

स्ट्रक्चरचं चित्र काढायला केमड्रॉ उत्तम आहे पण लायसन्स लागतं. कॉलेजकडे असेल तर वापरा, नसेल तर केमस्केचच्या फ्री व्हर्जनमध्ये काम होतं.

आता माझं सगळ्यात आवडतं, ॲव्होगाड्रो. फ्री आणि ओपन सोर्स, रेणू बांधायचा, फिरवून बघायचा, ऑप्टिमाइझ करायचा (म्हणजे एनर्जी कमी होईल तसा त्याचा आकार बदलू द्यायचा). मिथाइलसायक्लोहेक्झेन (सहा कार्बनची रिंग, तिच्यावर एक मिथाइल) बांधा, एकदा मिथाइल ॲक्झियल (रिंगला उभा), एकदा इक्वेटोरियल (रिंगच्या बाजूने बाहेर), आणि दोन्हींची एनर्जी लिहून घ्या. प्रयोगातून येणारा फरक मोलमागे साधारण ७ किलोजूल आहे, तुमचा त्याच्या किती जवळ येतो ते बघा. ॲक्झियलवाला फिरवून वरून बघितला की मिथाइल त्याच बाजूच्या दोन हायड्रोजनना कसा खेटतो ते दिसतं, फळ्यावरच्या चित्रात मला ते कधीच नीट दिसलं नव्हतं. पण इथेही तेच लक्षात ठेवा, हा हिशोब आहे. सुरुवातीला रिंग बोटसारखी वाकडी बांधली गेली तर ऑप्टिमाइझ केल्यावर ती ट्विस्ट बोटमध्येच (पिळलेल्या बोटच्या आकारात) अडकून बसू शकते, कारण प्रोग्राम जवळची दरी शोधतो, सगळ्यात खोल दरी नाही. एकाची एनर्जी दुसऱ्यापेक्षा २० किलोजूलच्या वर जास्त आली तर आधी रिंगचा आकार बघा.

अजून एक छोटी गोष्ट, सीएएस नंबर (प्रत्येक केमिकलचा ओळख क्रमांक) कॉपी करताना आकडा चुकतो आणि भलतंच केमिकल ऑर्डर होऊ शकतं. त्याचा शेवटचा आकडा तपासणीसाठीच असतो. पाण्याचा नंबर ७७३२-१८-५. शेवटचा ५ बाजूला ठेवायचा आणि उरलेल्या आकड्यांना उजवीकडून १, २, ३ असं गुणत जायचं, म्हणजे ८, २, ६, १२, ३५, ४२, बेरीज १०५, तिचा शेवटचा आकडा ५. जुळला. ऑर्डरचा फॉर्म भरायच्या आधी मी आजही कागदावर हे करून बघते, अर्धा मिनिट लागतो.