पाणी येतं, तरी डोळे कोरडे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हा विषय मी आता टाळतेच. ऑफिसात विचारतात, भिशीत विचारतात, परवा तर गंगापूर रोडच्या सिग्नलला शेजारच्या स्कूटीवरच्या वहिनींनी विचारलं, अगं एवढं घळाघळा पाणी येतंय आणि डोळे कोरडे काय म्हणतेस? आणि त्यातल्या ज्यांना माझ्या औषधाचं नाव कळलंय त्यांचा पुढचा प्रश्न, किडनी बदललेल्या लोकांचं औषध तू डोळ्यात का घालतेस?

पहिल्याचं उत्तर आपल्या कांद्याच्या नाशिक जिल्ह्यात तरी सोपं जायला हवं. कांदा चिरताना येतं ना, तसलंच पाणी आहे ते. डोळ्याला काही झोंबलं की वरची मोठी अश्रुग्रंथी धुऊन काढायला पाणी सोडते, ते गालावर ओघळतं आणि संपलं. डोळ्यावर चोवीस तास जो पातळ थर असतो तो वेगळा, त्यात पाण्याबरोबर पापणीच्या कडेच्या ग्रंथींतलं तेल असतं म्हणजे पाणी लगेच उडून जात नाही, आणि खाली म्यूकस असतं, बुळबुळीत, जे पाण्याला डोळ्याशी धरून ठेवतं. पापणी उघडल्यावर हा थर दहा सेकंद तरी टिकावा म्हणतात, माझा चारमध्ये फाटत होता, मग उघडा पडलेला डोळा झोंबायचा आणि ते कांद्यासारखं पाणी यायचं. दिवसभर कॉम्प्युटरवर जीएसटीची कामं (स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या लवतच नाही फारशा), डोक्यावर पंखा, येताजाता द्वारका चौकातली धूळ, आणि वय सत्तेचाळीस, म्हणजे हार्मोन्सचीही भर.

आता दुसरं. डॉक्टर इन्फ्लमेशन म्हणतात, मला आईचा शब्द जास्त पटतो, दाह. आमटी गॅसवर राहिली की आटते आणि खारट होते, डोळ्यावरच्या पाण्याचं तेच होतं. तो खारटपणा डोळ्याच्या वरच्या पेशींना सोसत नाही, त्या रसायनं सोडून हाका मारायला लागतात आणि रोगप्रतिकारक पेशी धावत येतात, त्यातल्या टी-सेल्स नावाच्या तर येऊन मुक्कामच ठोकतात. बाहेरचा शत्रू कोणी नसतोच, पण त्यांनी सोडलेल्या रसायनांनी म्यूकस बनवणाऱ्या पेशी मरतात. म्यूकस कमी म्हणून थर आणखी लवकर फाटतो, आणखी आटतो, आणखी खारट, परत हाका. म्हणजे सुरुवात पंख्याने केलेली असली तरी नंतर पंखा बंद करून भागत नाही. 2007 मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी या आजाराची जी व्याख्या केली तिच्यात हा खारटपणा आणि दाह दोन्ही आहेत, पण आपल्याकडे अजून 'कोरडे पडलेत, थेंब घाल' यावरच गाडी थांबते.

मीही दोन वर्षं तेच केलं. साधे थेंब खारटपणा पातळ करतात, तासभर बरं वाटतं, पण मुक्कामाला आलेल्यांना ते उठवत नाहीत. मग एका मेडिकलवाल्याने कुठलेसे दुसरे थेंब दिले, काय जादू होती म्हणून सांगू, दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र! चार महिने घातले मी ते. स्टेरॉइड होतं. दाहावर ते खरंच चालतं, डॉक्टरसुद्धा थोडे दिवस देतात, पण नजर ठेवून, कारण त्याने डोळ्यातलं प्रेशर वाढू शकतं. माझं वाढलंच होतं. नशीब, बंद केल्यावर उतरलं. चूक माझीही होती, चिठ्ठी न दाखवता मागत होते.

मग आलं ते किडनीवाल्यांचं सायक्लोस्पोरिन. हे मूळचं नॉर्वेच्या मातीतल्या एका बुरशीतून मिळालेलं, दुसऱ्याची किडनी शरीराने परतवून लावू नये म्हणून टी-सेल्सना आवरायला वापरतात. डोळ्यात त्याच टी-सेल्स आवरायच्यात म्हणून तेच औषध, फक्त अगदी कमी, 0.05 टक्के. कुत्र्यांच्या कोरड्या डोळ्यांवर आधी वापरून झालं आणि 2002 मध्ये अमेरिकेत माणसांच्या डोळ्यांसाठी मंजुरी मिळाली. घातल्यावर चुरचुरतं, आणि फरक पडायला महिने लागतात. बरेच जण पंधरा दिवसांत कंटाळून सोडतात, मीही सोडणार होते.

डॉक्टरांनी एक विचित्र प्रश्न विचारलेला, भाकरी पाण्याशिवाय गिळता येते का? म्हणजे तोंडही कोरडं पडतं का, सांधे दुखतात का. शोग्रेन म्हणून एक आजार असतो, त्यात शरीराची प्रतिकारशक्ती अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवरच उठते. रक्त तपासलं, मला नाही निघाला.

पण प्रतिकारशक्ती हा शब्द पंचवटीच्या मामींच्या कानावर गेला आणि दर रविवारी गुळवेलीचा काढा यायला लागला, शक्ती वाढायला! मामी, अहो तीच जास्त झालीय म्हणून तर हे सगळं चाललंय, असं मी तीनदा सांगून बघितलं. बाटली अजूनही येते.

सुरुवातीला डॉक्टरांनी पापणीत कागदाची पट्टी अडकवली होती, पाच मिनिटांत किती भिजते बघायला, तेव्हा 4 मिलिमीटर भिजली होती. थेंब सुरू करून पाच महिने झाल्यावर 9. डोळ्यांतून पाणी अजूनही येतं, पण डिसेंबरात सकाळी सातला स्कूटी काढली की, आणि तेवढ्यापुरतंच.