एका रात्रीत आलेला गोंधळ म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे

स्मृतिभ्रंश बहुधा महिनोन्‌महिने, हळूहळू वाढतो. कालपर्यंत नीट बोलणारं वयस्कर माणूस आज असंबद्ध बडबडू लागलं, पांघरुणाचे धागे ओढत बसलं, सकाळी बरं नि संध्याकाळी भ्रमात असं होऊ लागलं, तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अशा अचानक आलेल्या भ्रमाचं मूळ बऱ्याचदा शरीरात असतं: लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, रक्तातलं सोडियम (मीठ) घसरणं, बद्धकोष्ठता. आणि औषधं! सर्दीची किंवा झोपेची साधी गोळीही पुरेशी ठरते. गेल्या १५ दिवसांत सुरू केलेली, बदललेली, बंद केलेली प्रत्येक गोळी कागदावर लिहून न्या. गप्प, सुस्त पडून राहणाऱ्याचा भ्रम तर सहज नजरेतून सुटतो. डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत चष्मा, श्रवणयंत्र लावून द्या, दिवसा खोलीत उजेड ठेवा, वाद घालू नका.